सुईवरची काळी भुकटी

रेकॉर्ड प्लेअरच्या हाताला वजन लावावं लागतं असं मी सांगितलं की नवखं गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. हा म्हातारा आता काहीतरी गळ्यात मारणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून आधी धंद्याची गोष्ट सांगून टाकतो. माझा जन्म कुठे झाला आणि मी या कामात कसा पडलो हे वाचण्यात कुणाला रस नसतो, आणि मलाही ते लिहिण्यात नाही.

रेकॉर्ड फिरत असते तेव्हा तिच्यावर एक दांडी टेकलेली असते. दांडीच्या टोकाला सुई. या दांडीला आमच्याकडे आर्म म्हणतात, मी आपला हात म्हणतो. हाताच्या पुढच्या टोकाला सुई, मागच्या टोकाला एक गोल वजन, आणि मध्ये दोन बारीक बेअरिंगवर सगळं तोललेलं. बागेत मुलांचा सीसॉ असतो, तोच प्रकार. मागचं वजन फिरवत पुढे-मागे न्यायचं आणि सुईच्या टोकावर दीड-दोन ग्रॅम भार राहील असं बघायचं. भार जास्त झाला तर सुई रेकॉर्डची खाच खरवडते. हे कुणालाही समजतं. पण भार कमी झाला तरी सुई खाचेत नीट बसत नाही, आतल्या आत थरथरते आणि खाचेच्या भिंती फोडते, हे मात्र पटवून देताना माझा घसा कोरडा पडायचा. लोकांना वाटतं, हलका हात म्हणजे चांगला हात.

शिवाय फिरणारी रेकॉर्ड सुईला सारखी मधल्या भोकाकडे ओढत असते. त्या ओढीला बाहेरून तितकाच ताण द्यावा लागतो. सुई समोरून पाहिली तर ताठ उभी हवी, जराही कललेली चालत नाही. यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या दोन बिघडतात, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शनिवार पेठेतल्या माझ्या दुकानात एका वेळी दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागायचं. तिथे भिंगातून सुईकडे बघत मी बेचाळीस वर्षं काढली. बायको म्हणायची, माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत. तिचं म्हणणं खरं आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नारायण पेठेतले एक वकील होते. त्यांच्या प्लेअरच्या हातावर, सुईच्या बरोबर वर, चिकटपट्टीने एक जुनं चार आण्याचं नाणं चिकटवलेलं होतं. रेकॉर्ड उडी मारते म्हणून त्यांच्या वडिलांनी ते लावलं आणि मग ते तिथेच राहिलं. मी नाणं काढलं, बेअरिंगमधलं सुकलेलं ग्रीस साफ केलं, मागचं वजन जुळवलं. उड्या बंद. आठ दिवसांनी वकीलसाहेब परत आले. आवाज पातळ लागतो म्हणाले, आमचं नाणं परत लावा. मी त्यांना समजावलं की अहो, हे नाणं तुमच्या रेकॉर्डी खातंय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "खाऊ दे की. मी अजून किती दिवस ऐकणार आहे? आणि माझ्या मागे ऐकणार कोण आहे?" मी नाणं परत चिकटवलं. पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोर ते नाणं सुईवर बसलेलं दिसत होतं.

अलीकडे खराडीच्या नव्या इमारतींमधून बोलावणी येऊ लागली होती. एका तरुण जोडप्याने परदेशी यंत्र घेतलेलं, काचेसारखं झळझळीत. "अंकल, सारखं स्किप होतंय," असा फोन. सतराव्या मजल्यावर जाऊन बघतो तर यंत्र थेट स्पीकरच्या डोक्यावर ठेवलेलं. स्पीकर थरथरला की सुई थरथरते, एवढं साधं. मी म्हटलं, याला भिंतीशी वेगळ्या टेबलावर ठेवा. मुलीने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, पण मग लुक जातो ना. मी म्हटलं, मग बघत बसा, ऐकू नका. नवरा हसला आणि त्याने तिथल्या तिथे टेबल ओढलं. पोरं चांगली असतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

माझी एक रीत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. यंत्र दुरुस्तीला आणणाऱ्याने स्वतःची एक रेकॉर्ड बरोबर आणायचीच. सगळ्यात जास्त ऐकलेली, सगळ्यात लाडकी. मी हात जुळवायचो तो त्याच रेकॉर्डवर. बाजारात त्यासाठी खास रेकॉर्डी मिळतात, शिट्टीसारखे आवाज भरलेल्या. माझ्याकडेही होत्या, कपाटात पडून. माझं म्हणणं असं की माणसाचा कान ज्या रेकॉर्डवर तयार झाला, तिच्यावर यंत्र गायलं तर ते दुरुस्त झालं. लोक रेकॉर्डी जुन्या साड्यांत गुंडाळून आणायचे. काम झालं की मी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचो, त्याची रेकॉर्ड लावायचो आणि पाठ करून उभा राहायचो. मागून हुंकार आला की समजायचं, झालं. बऱ्याचदा हुंकाराच्या जागी नाक ओढल्याचा आवाज यायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

दुकान बंद करण्याआधीचं शेवटचं वर्ष. एका सकाळी रिक्षावाल्याने एक जड यंत्र आत आणून ठेवलं आणि मागून काठी टेकत एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, खादीची साडी, उजव्या कानात ऐकायचं यंत्र.

"देवधर आपणच का? बाहेर पाटीवर नाव आहे, पण पाटीवर काय, काहीही असतं."

त्या सुमन आगाशे. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हडपसरला एकट्या राहणाऱ्या. यंत्र त्यांच्या वडिलांचं होतं. मी रीतीप्रमाणे विचारलं, रेकॉर्ड आणलीत का? त्यांनी पिशवीतून उशीच्या अभ्र्यात घातलेली एक तबकडी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. एकाच बाजूला खाचा, मधल्या कागदावर शाईने फक्त एक नाव लिहिलेलं. ते त्यांच्या आईचं नाव.

आई गेली तेव्हा बाई दीड वर्षाच्या होत्या. त्याच्या काही महिने आधी वडिलांच्या एका मित्राने तबकडी कोरायचं यंत्र आणलं होतं आणि हौसेने बाईंच्या आईला त्यापुढे गायला बसवलं होतं. आई गेल्यावर वडील वर्षातून एकदा, तिथीच्या दिवशी, खोलीचं दार लावून घेऊन ती तबकडी ऐकत. लहानग्या सुमनला आत्याने बाहेरच थांबवलेलं असे. दाराला कान लावून तिला नुसती गुणगुण ऐकू यायची. चार-पाच वर्षांनी यंत्र बिघडलं आणि वडिलांनी ते दुरुस्त केलं नाही. ते गेल्यावर यंत्र आणि तबकडी आत्याच्या माळ्यावर गेली. आत्याही गेल्या. मग बाईंची नोकरी, मग आजारपणं, आज करू उद्या करू.

"म्हणजे तुम्ही हे कधी ऐकलंच नाही?" मी विचारलं.

"दाराबाहेरून ऐकलंय. त्याला ऐकणं म्हणत असाल तर ऐकलंय." मग कानाला हात लावून त्या म्हणाल्या, "डावा गेला. उजवा अजून वर्ष-दोन वर्षं साथ देईल म्हणतात. तेवढ्यात ऐकून घ्यावं म्हटलं."

मी त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या पायरी उतरेपर्यंत मी मनात ठरवून टाकलं होतं की बेचाळीस वर्षांत केलं नाही असं काम करायचं.

आणि तसंच केलं. हात पूर्ण सुटा केला, बेअरिंग धुतली, वायरी बदलल्या, जुन्या रुंद खाचांना चालेल अशी सुई मिळवून बसवली. सातव्या दिवशी दुपारी अभ्र्यातून तबकडी काढली. हाताला जड लागली. मधल्या भोकाच्या कडेला अॅल्युमिनियम चमकत होतं. मी म्हटलं, वा, आत धातू आहे, जुन्या काळचा पक्का माल. हे वाक्य मी खरोखर मनाशी बोललो. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

सुई टेकवली. थोडी खरखर, आणि मग एक बाई खाकरली. इतकी जवळून की मी वर पाहिलं. आतल्या खोलीत कुणीतरी असावं आणि दार उघडं असावं, तसं. मग ती गाऊ लागली. मांडीवर हाताने ताल धरत असावी, कारण प्रत्येक ठेक्याला बांगडी किणकिणत होती.

झोपला गं ओटा, झोपली गं गाय,
तुझ्या पापणीला झालं तरी काय?
झोपलं गं पाणी, झोपला गं माठ,
तूच एकटी गं पाहतेस वाट.

अशी दोन-तीन कडवी. गाणाऱ्याचा गळा नव्हे, घरातल्या बाईचा गळा, वरच्या सुरावर किंचित फाटणारा. संपल्यावर ती दोन-तीन वाक्यं बोलली आणि तबकडी संपली.

शेवटी शेवटी आवाज जरा करकरला होता. मधल्या भोकाजवळच्या खाचा नेहमीच त्रास देतात. मी बाहेरचा ताण थोडा वाढवला आणि पुन्हा लावली. सुईला काळी भुकटी लागली होती. धूळ असेल म्हणून मऊ ब्रशने झटकली. तिसऱ्यांदा लावली तर बांगडी आधीसारखी वाजेना. बारीक, टोकदार आवाज हरवले की आमच्या धंद्यातला माणूस एकच म्हणतो, सुई नीट बसलेली नाही. मी सुई भिंगाखाली सरळ केली. भुकटी झटकली. चौथ्यांदा. आवाज आणखी दबला. भार कमी पडत असेल, मी वजन अर्धा ग्रॅम पुढे घेतलं. भुकटी झटकली. पाचव्यांदा, सहाव्यांदा. दर वेळी आवाज उतरत होता आणि दर वेळी मी हाताला दोष देऊन हात सुधारत होतो. सातव्यांदा खरखरीखाली ती बाई कुठेतरी लांब गात होती, आणि माझा हात तोपर्यंत अगदी बिनचूक जुळला होता.

तेव्हा मी भिंग सुईवरून काढून तबकडीवर धरलं. थोड्या वेळापूर्वी आरशासारख्या चमकणाऱ्या खाचा राखाडी पडल्या होत्या.

मग मला माझ्या उस्तादांचं बोलणं आठवलं. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्यांनी एकदा सांगितलं होतं की अशा जागच्या जागी कोरलेल्या तबकड्या असतात. आत धातूचा पत्रा, वरती लाखेसारखा मऊ थर. मोजक्या वेळा ऐकायला ठीक, त्यापुढे सुईच त्यांना खाते. मला हे माहीत होतं. इतक्या वर्षांत अशी तबकडी माझ्या हातात दोनदा आली असेल, तीही तुटलेली. माहीत असलेली गोष्ट त्या दुपारी माझ्याजवळ फिरकलीच नाही. मी दर वेळी जी भुकटी झटकली होती ती धूळ नव्हती. आगाशेबाईंच्या आईचा आवाज मी ब्रशने झटकून फरशीवर टाकला होता.

आणि शर्टाच्या खिशात मोबाइल होता. त्याच मोबाइलवर मी नातवाचे बोबडे बोल भरून ठेवले आहेत, सत्तर-ऐंशी वेळा तरी. पहिल्यांदा सुई टेकवताना एक बटण दाबलं असतं तर आज ही हकीकत लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. स्टुलावर बसल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला, कानातलं यंत्र नीट केलं. आदल्या रात्रीत मी सांगायची वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. मी आवाज पूर्ण मोठा केला आणि सुई टेकवली. या खेपेला पाठ करून उभं राहणं मला जमलं नाही.

कढईत काहीतरी तळावं तसा आवाज सुरू झाला. त्याच्या खाली बाईचा सूर, बंद दारामागून यावा तसा. आगाशेबाई मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. शेवटची वाक्यं मलाही लागली नाहीत.

"संपलं?"

"हो."

त्यांनी कानातलं यंत्र पुन्हा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देवधर, तुम्हाला नीट ऐकू येतं का हो?"

बेचाळीस वर्षांत मला गिऱ्हाइकाने विचारलेला हा सगळ्यात सोपा प्रश्न होता.

"येतं," मी म्हणालो.

"मग माझेच कान." त्यांनी मान हलवली, एखाद्या गणिताचं उत्तर बरोबर आल्यासारखी. "उशीर केला मी."

मी तबकडी अभ्र्यात घालून दिली. वरचेवर लावू नका, जुनी आहे, एवढं म्हणालो. का लावू नये ते सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या वेळीही तिच्यात काहीतरी उरलं होतं, ते कुणाकडून तरी उतरवून घेता आलं असतं. तेही मी बोललो नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, उद्या जा आणि त्यांना सांगून या. मी बघू म्हणालो. ती रोज विचारायची, मी रोज बघू म्हणायचो, मग तिने विचारणं सोडलं. तिचं ते गप्प होणं मला जड गेलं. पण हडपसरची बस काही मी पकडली नाही. मधल्या काळात दुकानही आवरलं. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं.

दहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. बाई उत्साहात होत्या. पुण्यातल्या कुठल्याशा चांगल्या ठिकाणाहून त्यांनी कानाचं नवं, भारी यंत्र बसवून घेतलं होतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी तबकडी लावून बसतात म्हणाल्या. पण ऐकू काही येत नाही. पूर्वी निदान कुणीतरी गातंय असं वाटायचं, आता तर नुसती वाफ सुटल्यासारखं. डॉक्टर ऑपरेशनचं बोलत होते. या वयात भूल नको म्हणून भाची हटून बसली होती. "पण मी करणार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येतं म्हणजे तबकडीत ते आहे. मग मला ऐकायचंय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीशी टेबलावर ते यंत्र, झाकण उघडं, तबकडी चढवलेलीच. मी बसलो आणि त्या दुपारी काय झालं ते सगळं सांगितलं. धातू पाहून मला काय वाटलं तेही. भुकटीचंही. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"किती वेळा लावलीत?" सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"सात."

"आणि पहिल्यांदा स्वच्छ होतं?"

"स्वच्छ होतं."

"मी दहा महिने, रोज दोनदा." त्या तबकडीकडे बघत होत्या. "उरलंसुरलं मी संपवलं."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "मग आता ऑपरेशन कशाला करू मी?"

खाली भाजीवाला ओरडत होता, तो पुढच्या इमारतीकडे गेला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठण्याची हिंमतही नव्हती.

"देवधर," त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आईचा आवाज तुम्हाला माहीत आहे. आणि मला माहीत नाही."

मी मान हलवली.

"मग म्हणा."

मला गाता येत नाही, मी म्हणालो. मला नीट ऐकूही येत नाही, तेव्हा तुमच्या गाण्याची काळजी करू नका, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी उजव्या हाताची खुर्ची पुढे ओढली. मी त्यांच्या कानाशी बसलो. सात वेळा ऐकलेलं, अक्षर न् अक्षर पाठ होतं. चालीचा प्रयत्न केला, एका ओळीनंतर सोडून दिला आणि कडवी नुसती म्हटली, मोठ्याने, शाळेत कविता म्हणतात तशी. ओटा, गाय, पाणी, माठ. कुठे खाकरल्या, कुठे बांगडी वाजायची, कुठल्या शब्दावर सूर फाटायचा, तेही सांगत गेलो. बाईंनी डोळे मिटले होते.

"संपलं गाणं?"

"गाणं संपलं. मग त्या बोलल्या."

बाईंनी डोळे उघडले. "बोलल्या म्हणजे?"

"गाणं झाल्यावर. वडिलांना बोलल्या असाव्यात. यंत्र चालूच होतं, त्यांना कळलं नसेल. म्हणाल्या, 'अहो, झालं का? बंद करा आता. सुमी उठेल.'"

"काय उठेल?"

"सुमी. सुमी उठेल."

आगाशेबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आत्याला अर्धवट नावं आवडायची नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. घरात सुमन, शाळेत आगाशे, पुढे आगाशेबाई, भाचीची आत्या. वडील तर नावाने हाक मारायचेच नाहीत. "मला कुणी सुमी म्हटलेलं मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते, आणि मी ते पुसले नाहीत.

"शेवटचं पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. पुन्हा म्हणा म्हणाल्या, पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी त्या माउलीसारखं म्हणून बघितलं, थोडं दबक्या आवाजात, 'उठेल' वर खाली उतरत. चौथ्यांदा म्हणताना मध्येच थांबलो. त्या सकाळपर्यंत डोळे मिटले की मला ती बाई ऐकू यायची. खाकरणं, बांगडी, ते 'अहो' सुद्धा. दहा महिने मला तिने झोपू दिलं नव्हतं. आता मी शब्द म्हणत होतो आणि त्यांच्या मागे काहीच वाजत नव्हतं. माझा घोगरा आवाज तेवढा होता.

या वेळी मी गप्प बसलो नाही. "बाई," मी म्हणालो, "मी म्हणतोय तसा त्यांचा आवाज माझ्या डोक्यातून चाललाय. आणखी म्हटलं तर मलाही तो आठवायचा नाही."

त्या विचार करत होत्या. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "म्हणा."

मी त्यांच्या कानाजवळ वाकलो आणि म्हणालो, "अहो, झालं का? बंद करा आता. सुमी उठेल."